जिन्यातले पाय

शनिवारी दुपारी तीनला आधी घरच्यांनी फिल्म बघायची आणि पाचला व्याह्यांना चहाला बोलावून त्यांनाही दाखवायची, हा बेत काकासाहेबांचा. जंजाळांच्या घरात काकासाहेबांचे बेत बदलत, कारण मात्र एकच असे. फेब्रुवारीत छावणीतले वाघचौरे काकासाहेबांच्या मुलीला, मोनालीला, बघायला आले, तेव्हा पुतणी श्रेया कुणाच्या नजरेला पडू नये असा बेत होता आणि कारण होतं घराची अब्रू. आता ऑक्टोबरात तीच श्रेया सगळ्या शहराच्या नजरेत भरावी असा बेत होता आणि कारण पुन्हा घराची अब्रूच होतं. मधल्या काळात एवढंच घडलं होतं की श्रेयानं लिहिलेली अकरा मिनिटांची फिल्म शहरातल्या एका लघुपट महोत्सवात निवडली गेली, पेपरात नावासकट चार ओळी छापून आल्या, आणि काकासाहेबांना महापालिकेला उभं राहायची हुक्की आली.

श्रेयाच्या आईला, दीपमालेला, हे सगळं स्वच्छ दिसत होतं. पण चोवीस वर्षं या घरात धाकटी सून म्हणून काढल्यावर, दिसलेलं सगळं ओठांवर आणायचं नसतं हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. ती स्वयंपाकघरात चिवड्याला फोडणी देत होती आणि कान हॉलकडे ठेवून होती.

हॉलमध्ये सोफ्यावर रविवारच्या सत्काराचा फ्लेक्स पसरला होता. ‘जंजाळ परिवाराची विशेष कन्या कु. श्रेया हिचा भव्य नागरी सत्कार’. डाव्या कोपऱ्यात श्रेयाचा पासपोर्टपेक्षा थोडा मोठा फोटो. उजवीकडं हात जोडलेले काकासाहेब, कमरेपर्यंत.

श्रेया फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी होती. बावीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, गळ्यात आवाज अडवणारे मोठे हेडफोन. ते ती बाहेर जाताना आणि मोठे बाबा, म्हणजे काकासाहेब, घरात असताना वापरायची.

“हा हात माझा नाही,” ती म्हणाली.

“कोणता गं?” काकासाहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

“डावा. मेंदी आहे त्याच्यावर. मोनालीचा आहे.”

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरात काढलेला मोनालीच्या मेंदीचा फोटो फ्लेक्सवाल्यानं कापला होता आणि कापताना बहिणीचा हात श्रेयाच्या खांद्याखाली राहून गेला होता.

“कोण बघतंय हाताकडं!” काकासाहेब म्हणाले. “लोक चेहरा बघतात.”

“तुमचा,” श्रेया म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं फक्त मोजमाप सांगितलं होतं.

श्रेया चार वर्षांची असताना डॉक्टरांनी ‘स्वमग्न’ हा शब्द उच्चारला, तेव्हा काकासाहेबांनी “आमच्या खानदानात असलं काही नसतं” म्हणून तो शब्दच घरात येऊ दिला नव्हता. तेव्हापासून ती पाहुण्यांसाठी ‘शांत’ होती, शेजाऱ्यांसाठी ‘हळवी’ होती, आणि लग्नकार्यात ‘जरा बरं नाही तिला’. बोलायला ती सातव्या वर्षी लागली. लिहायला मात्र त्याच्याही आधी. नवव्या वर्षी टीव्हीवरच्या मालिकांचे शेवट वहीत बदलून लिहायची. कॉलेजात असताना मोनालीचा फोन हातात आला आणि तिला कळलं की जे वाक्यात मावत नाही ते नुसतं दाखवताही येतं. पहिल्या फिल्ममध्ये तिनं कुकरच्या तीन शिट्ट्या आणि तिसऱ्या शिट्टीलाही जिच्यावरून कुणी उठत नाही अशी खुर्ची एवढंच दाखवलं होतं. दीपमालेला त्यातलं फारसं कळलं नव्हतं. पण ती खुर्ची घरातल्या कुणाची, हे कळलं होतं.

ही नवी फिल्म घरात अजून कुणीच पाहिली नव्हती. “झाल्यावर दाखवीन,” श्रेया म्हणाली होती. पाहिली होती फक्त मोनालीनं, कारण चित्रण तिनंच केलं होतं. काकासाहेबांनी न बघताच सत्कार ठरवला, फ्लेक्स छापला, आणि मोनालीच्या होणाऱ्या सासूचा, द्वारकाबाई वाघचौऱ्यांचा, फोन आला तेव्हा एक थापही ठोकून दिली.

द्वारकाबाईंनी पेपर वाचून विचारलं होतं, “ही श्रेया जंजाळ तुमची कोण? आम्ही पोरगी बघायला आलो तवा दिसली नाय ती.”

“ती तेव्हा पुण्याला होती,” काकासाहेब म्हणाले होते. “कोर्सला.”

तीन वाजून दहा मिनिटांनी मोनालीनं पेनड्राइव्ह लावला. टीव्हीच्या अगदी जवळच्या खुर्चीत आबा बसले. आबा म्हणजे अप्पाराव, दोघा भावांचे वडील, वय ब्याऐंशी, ऐकायला सोयीप्रमाणे कमी. सोफ्यावर फ्लेक्स कडेला सारून काकासाहेब आणि त्यांची बायको लीलाबाई. श्रेयाचे वडील सोमनाथ दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर. सोमनाथ वाळूजला एका कारखान्यात माल तपासायचा. सूतभर फरक निघाला तरी अख्खी खेप परत पाठवायचा. घरात मात्र मोठ्या भावाचं काहीही पास करायचा. दीपमाला पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

पडद्यावर नाव आलं : ‘जिना’.

मग खरोखरच जिना आला. कॅमेरा खालच्या वळणावर जमिनीला टेकवून ठेवलेला. वर जाणाऱ्या अकरा पायऱ्या, आणि माणसांचे फक्त पाय. खाली पायरीशी पाहुण्यांचे नवे बूट, शेजारी एका बाईच्या जुन्या चपला. खालून आवाज येत होते. कपबशांचे, हसण्याचे, “घ्या ना, काहीच घेतलं नाही तुम्ही” असे. आणि मधून मधून एका बाईचे पाय जिना चढत होते, उतरत होते. टाचेला भेगा, जोडवी झिजलेली. वर जाताना पाय दबकत जायचे, खाली येताना घाईनं.

तिसऱ्या मिनिटाला खालून एका पुरुषाचा भारदस्त आवाज आला, “घरात आम्ही एवढेच.”

पाहुणीचा आवाज : “आणि वर कोण राहतं?”

“वर? वर कुणी नाही. सामान असतं.”

पायऱ्यांवरचे ते भेगाळलेले पाय जागच्या जागी थांबले.

दीपमालेच्या हातातला पदर तसाच राहिला.

“बंद कर ते,” काकासाहेब म्हणाले. मोनालीनं बटण दाबलं. पडद्यावर एक टाच अडकून राहिली.

 

“हा आवाज कुणाचा?” काकासाहेबांनी विचारलं.

“कारभारी मामांचा,” श्रेया म्हणाली.

“कोण कारभारी? आपला दूधवाला?”

“हो. त्यांचा आवाज पोटातून येतो.”

“म्हणजे माझं काम तू दूधवाल्याला दिलंस?”

“तुमचं काम नाही. ते पात्र आहे. त्याचं भुसार दुकान आहे.”

“माझं बियाण्याचं दुकान आहे!”

“म्हणूनच बदललं,” श्रेया म्हणाली.

लीलाबाई इतका वेळ कपाळाला आठ्या घालून पडद्यावरची टाच निरखत होत्या. “ह्यात बाई म्हणून एकच दिसतीय,” त्या म्हणाल्या. “मी कुठं हाय ह्याच्यात?”

“तुम्ही नाही, मोठी आई.”

“का नाय? त्या दिवशी पहाटे चारला उठून मी राबत होते. शिरा मी केला. पडदे मी बदलले. पोरगी माझी, पाहुणे माझे, अन् मीच नाय?”

“दोन बायका घेतल्या तर पाय ओळखू येत नाहीत. म्हणून एक कमी केली.”

“अन् कमी करायला मीच सापडले!” लीलाबाईंचे डोळे भरून आले. आपल्या घराचं बिंग फुटलं याचं त्यांना फारसं काही वाटलेलं नव्हतं; ते त्यांच्याशिवाय फुटलं, हे मात्र जिव्हारी लागलं होतं.

काकासाहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. सभेत बोलताना ते असंच करायचे. “हे बघा,” ते म्हणाले, “फिल्म चांगली आहे. कला आहे पोरीच्या हातात. फक्त ते एक वाक्य काढायचं. ‘वर कुणी नाही’ तेवढं. सोमनाथ, काय म्हणतोस?”

“काढता येईल,” सोमनाथ म्हणाला.

“ते काढलं तर फिल्म राहत नाही,” श्रेया म्हणाली. “नुसते पाय राहतात.”

“मग नुसते पाय दाखव! आजकाल तसंच चालतं.” काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. “बरं, ते रात्री ठरवू. आज टीव्ही बिघडला म्हणून सांगू. आता महत्त्वाचं ऐक, बाळा. पाचला द्वारकाबाई येतील. त्यांनी विचारलं तर एकच सांगायचं. मी तेव्हा पुण्याला होते. बास.”

“पुण्यात कुठं?”

“कुठंही.”

“कुठंही कुणी राहत नाही.” श्रेयानं टीपॉयवरची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. “कशानं गेले?”

पोरगी तयार झाली असं वाटून काकासाहेब खुश झाले. “बसनं. सिडको बसस्टँडवरून.”

“दादा,” सोमनाथ हळूच म्हणाला, “फोनवर तुम्ही रेल्वेनं म्हणाला होता.”

“मग रेल्वेनं. अन् हॉस्टेलला राहिली.”

“मी त्यांना मावशीकडं राहिली म्हणून सांगितलंय,” लीलाबाई नाक ओढत म्हणाल्या.

“तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?”

“तुम्ही फोन माझ्या हातात दिला अन् बाहेर गेला, मग मी काय मुकी बसू?”

श्रेया सगळं लिहून घेत होती. “तीन गोष्टी झाल्या. एक ठरवा,” ती म्हणाली. “आणि पात्र पुण्याला का गेलं?”

“कोर्सला!”

“कशाच्या?”

काकासाहेबांनी क्षणभर विचार केला. “फिल्मच्याच की.”

श्रेयानं मान हलवली. “मग फेब्रुवारीतच घरच्यांना माहीत होतं की तिला फिल्म करता येते. तसं असतं तर तुम्ही तिला लपवलं नसतं, मिरवलं असतं. गोष्ट मोडते इथं.”

खोटं बोलणार नाही, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. खोटं तिला चालत होतं. ढिसाळ चालत नव्हतं. दीपमालेला हसू आलं आणि ते तिनं खोकल्यात घातलं.

तेवढ्यात बेल वाजली. चारही वाजले नव्हते.

“रिक्षा लगीच भेटली,” द्वारकाबाई दारातच म्हणाल्या. “म्हटलं, उगं घरी बसून तरी काय करायचं.” त्यांच्या मागं शिवराज होता. वाळूजला इंजिनिअर, मोनालीचा होणारा नवरा, हातात मिठाईचा पुडा, आणि आईच्या पाठीमागं अर्धा झाकलेला.

सोमनाथ झटकन उठून टीव्हीसमोर उभा राहिला. पण टीव्ही रुंद होता आणि सोमनाथ बारीक. त्याच्या दोन्ही बाजूंनी टाच दिसत होती.

“चालू होती व्हय फिल्म?” द्वारकाबाई सोफ्यावर, फ्लेक्सच्या कडेला, बसल्या. “लावा की मग.”

“टीव्हीला जरा प्रॉब्लेम आलाय, विहीणबाई,” काकासाहेब म्हणाले.

“कसला प्रॉब्लेम?” आबा म्हणाले. नेमकं हे त्यांना ऐकू आलं होतं. “आत्ता तर लई चांगला चालू होता.”

लीलाबाईंनी दीपमालेकडं बघितलं. दीपमाला चहा टाकायला आत वळली. चहा उकळेपर्यंत हॉलमध्ये हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. यंदा ऑक्टोबरात फार तापतंय, छावणीत पाणी दिवसाआड येतं, सिडकोत चार दिवसांनी. ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा द्वारकाबाई श्रेयाकडं वळल्या होत्या.

“पुण्याला करमलं का गं बाळा?”

श्रेयानं वहीत बघितलं. “ते अजून ठरायचंय,” ती म्हणाली.

“काय ठरायचंय?”

“मी हॉस्टेलला होते की मावशीकडं.”

काकासाहेब मोठ्यानं हसले. एकटेच. “विनोदी आहे पोरगी. कलाकार माणूस!” आणि त्यांनी दीपमालेकडं अशा नजरेनं बघितलं की, आता तू सांभाळ. ही नजर तिला ओळखीची होती. फेब्रुवारीत सकाळी नऊ वाजता त्यांनी अशाच नजरेनं जिन्याकडं बघितलं होतं. एक शब्द बोलले नव्हते. काम तिनं केलं होतं.

तिच्या हातात ट्रे होता. स्वतःचा आवाज कानावर आला, तेव्हा तिला कळलं की आपण बोलतोय.

“ती पुण्याला नव्हती. तुम्ही आलात त्या दिवशी वर होती. मीच नेऊन बसवलं होतं.”

“कडी लावली होती,” श्रेया म्हणाली. मेंदीचा हात दाखवताना लावला होता त्याच आवाजात.

सोमनाथनं मान वर केली. “कडी?”

कडीचं त्यालाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिने दीपमालेनं ती गोष्ट स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती. “बाहेरून,” ती म्हणाली. “तीन तास.”

द्वारकाबाईंनी ट्रेमधला कप स्वतःच उचलला, बशीत ओतला, फुंकर मारून एक घोट घेतला.

“माहिताय आम्हाला,” त्या म्हणाल्या.

“काय माहिताय?” काकासाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

“तुमच्या ह्या लाइनीत चौथ्या घरात दगडाबाई राहती ना, ती माझ्या मावसबहिणीची नणंद. पोरगी बघायला यायच्या आधीच चौकशी केलती. धाकट्याची एक पोरगी वर राहती, शांत हाय, लिहिती-वाचती, समदं सांगितलं तिनं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“म्हटलं, तुम्ही सांगाल. नाय सांगितलं. मग म्हटलं, नका सांगू. उद्या आमच्या घरातलं काय निघालं, तर तुम्हाला गप करायला एक गोष्ट आपल्या हाताशी असलेली बरी.” द्वारकाबाईंनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की लीलाबाईंनी नकळत मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. अशी सासू मिळाल्यावर पोरगी व्यवहारात कुठं कमी पडणार नाही, असं काहीसं.

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक आहे हे त्यांनी लपवलं होतं. आणि या सगळ्या सभ्यपणासाठी एक मुलगी तीन तास कडीच्या आड बसली होती. दीपमालेनं ट्रे टीपॉयवर ठेवला. फ्लेक्सवर चहाचे दोन थेंब पडले, काकासाहेबांच्या जोडलेल्या हातांवर. तिनं पुसले नाहीत.

मोनाली टीव्हीजवळून शिवराजकडं आली. “तुला माहीत होतं?”

शिवराजनं आईकडं बघितलं.

“त्यांच्याकडं नको बघू. तुला विचारतेय.”

“मम्मी म्हणाली, विषय काढू नको.”

“आठ महिने रोज रात्री फोन करतोस. जेवलीस का, काय भाजी होती, एवढं रोज विचारतोस. हे एकदाही नाही विचारलंस?”

“तू पण नाही सांगितलंस,” तो खाली बघत म्हणाला.

ते खरंच होतं. “नाही सांगितलं,” ती म्हणाली. “म्हणून तर मी हिची फिल्म शूट केली.”

काकासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, वास्तविक सगळे शांतच होते. “हे बघा, झालं ते झालं. दोन्ही घरं समजूतदार आहेत. फिल्म आपण जरा सुधारून घेऊ आणि…”

“आधी बघू तर द्या,” द्वारकाबाई म्हणाल्या. “लाव गं मोनाली. कुठं थांबलती?”

राहिलेली आठ मिनिटं सगळ्यांनी बघितली. पाय परत हलले. वर गेले, खाली आले. खालचं हसणं वाढत गेलं. कुणीतरी गाणं म्हणायचा आग्रह केला, कुणीतरी म्हटलं. श्रेया पडद्याकडं बघतच नव्हती. ती बघणाऱ्यांचे चेहरे बघत होती, एकेक करून, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन. शेवटी ते भेगाळलेले पाय हातातल्या ताटलीच्या सावलीसकट जिना चढू लागले. एक, दोन, तीन. सातव्या पायरीवर थांबले. मग ती बाई वळली आणि हळूच त्या पायरीवर बसली. चेहरा चौकटीच्या वर राहिला. दिसले ते गुडघे, आणि जुळवून ठेवलेली पावलं. कॅमेरा हलला नाही. खाली पाहुणे निघाले, बूट उचलले गेले, निरोप झाले, दार लागलं. बाई बसलेलीच. पडदा काळा झाला.

 मग आबांनी घसा साफ केला.

“बसली ते बरं केलं,” ते म्हणाले. “दिवसभर चालती ती बाई.”

दीपमालेनं आबांकडं बघितलं. या माणसाला तिनं चोवीस वर्षं रोज दोन वेळा ताट वाढलं होतं. ते तिच्याकडं बघत नव्हते. पडद्याकडंच बघत होते.

“माझ्या चपला काय इतक्या जुन्या नव्हत्या बरं का,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बाकी खरं हाय समदं.”

“शेवट मात्र पडतो,” काकासाहेब म्हणाले. त्यांचा धीर परत आला होता. “लोकांना काहीतरी संदेश पाहिजे. ती बाई वर जाते, पोरीचा हात धरून खाली आणते, सगळे टाळ्या वाजवतात. घरातला कर्ता पुरुष पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो. पाहिजे तर तेवढा रोल मी स्वतः करतो. दूधवाल्याची गरज नाही.”

“नाही,” श्रेया म्हणाली.

“अगं, पण का?”

“तसं झालं नाही. आणि झालं असतं तरी चांगलं दिसलं नसतं.”

“पप्पा,” मोनाली म्हणाली, “उद्या फिल्ममधला एक सेकंद जरी कापला, तर माईक मी हातात घेईन.”

माईक दुसऱ्याच्या हातात जाणं ही एकच गोष्ट काकासाहेबांना खरोखर घाबरवायची. त्यांनी सोमनाथकडं बघितलं. सोमनाथ आतापर्यंत त्यांच्या बाजूनंच बघत आला होता. सोमनाथ उठला, टीव्हीतून पेनड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळला आणि श्रेयाच्या हातात दिला.

“मला ह्यात काही फॉल्ट दिसत नाही, दादा,” तो म्हणाला, आणि एवढं बोलल्यावर दमल्यासारखा परत मोड्यावर बसला.

रविवारी सकाळी अकराला क्रांती चौकाजवळच्या सभागृहात सत्कार झाला. काकासाहेब पंचवीस मिनिटं बोलले. “आमच्या जंजाळ परिवारात,” ते म्हणाले, “वरचा मजला आणि खालचा मजला असा भेद आम्ही कधी केला नाही,” आणि टाळ्या पडल्या. फिल्म अख्खी दाखवली गेली. काही जणांना ती जिन्याच्या फरशीची जाहिरात वाटली. काही बायका मात्र शेवटी बराच वेळ उठल्या नाहीत. दगडाबाई पहिल्या रांगेत बसली होती आणि आजूबाजूच्यांना पुढचं आधीच सांगत होती.

शिवराज एकटाच आला, मागच्या रांगेत बसला. संपल्यावर तो मोनालीकडं न जाता श्रेयाकडं गेला आणि म्हणाला, “मी विचारायला पाहिजे होतं.” श्रेया म्हणाली, “हो.” मोनालीनं ते लांबून ऐकलं. लग्नपत्रिका छापायला टाकायची होती. तिनं ती अजून महिनाभर थांबवायला सांगितली. “आईशिवाय बोललेलं आज एक वाक्य ऐकलं,” ती लीलाबाईंना म्हणाली, “आणखी चार-पाच ऐकू दे.”

मग सूत्रसंचालकानं प्रेक्षकांना प्रश्न विचारायला सांगितले. एका निवृत्त बाईंनी हात वर केला. “ती आई शेवटी कुठं जाते? वर की खाली?”

श्रेयानं माईक तोंडापासून लांब धरला. तिला त्यातला स्वतःचा आवाज आवडायचा नाही. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “दार बंद होतं. सात पायऱ्या वाजल्या. मग बराच वेळ काही वाजलं नाही. मला जेवढं ऐकू आलं तेवढंच लिहिलं.”

तिसऱ्या रांगेत दीपमाला बसली होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, ही पोरगी आपल्या जगात असते, आपल्याकडं तिचं लक्ष नसतं. आणि ती बंद दाराआडून आपली पावलं मोजत होती.

परत जाताना गाडीत जागा नव्हती. सीटवर पुष्पगुच्छ होते, शाली होत्या आणि काकासाहेबांचे तीन कार्यकर्ते होते. दीपमालेनं रिक्षा केली. श्रेयानं हेडफोन चढवले आणि बाहेर बघत बसली. जालना रोडला दुपारची गर्दी होती. सेव्हन हिलच्या पुलावर रिक्षा चढली, तेव्हा दीपमालेनं मुलीच्या डोळ्यांसमोर तळहात धरला. तिला न शिवता हाक मारायची त्यांची ती जुनी रीत होती. श्रेयानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“मी तिथं बसून पोहे खाल्ले,” दीपमाला म्हणाली.

श्रेयानं तिच्याकडं बघितलं.

“तुझ्यासाठी आणत होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. खाली सगळे एकमेकांना आग्रह करत होते, अन् मला कुणी विचारलं नव्हतं. सातव्या पायरीवर आले अन् पाय उचलेना. बसले. म्हटलं, एक घास खाऊ. मग सगळेच खाल्ले.” तिनं रिक्षाची दांडी धरली. “रिकामी ताटली घेऊन खाली गेले. तुझ्याकडं आलेच नाही.”

रिक्षा पूल उतरू लागली तेव्हा श्रेयानं दुसऱ्या कानावरचाही हेडफोन खाली घेतला.

“म्हणजे ती रडत नव्हती,” ती म्हणाली.

“नाही.”

“मला वाटलं, रडत असेल. म्हणून चेहरा दाखवला नाही.” तिनं थोडा विचार केला. “खाणं जास्त चांगलं आहे.”

“तू रागावली नाहीस?”

“वर शांत होतं. मला आवडलं. कडी नाही आवडली. आणि ‘वर कुणी नाही’ म्हणाले, ते नाही आवडलं.” तिनं पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली. रिक्षा हलत होती, तरी पेन कोऱ्या पानावर टेकवलं. “खाली गेल्यावर काय झालं?”

“खाली गेल्यावर?” दीपमालेनं पदर सावरला. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. कुठून सुरुवात करायची ते कळेना. “खाली गेले तर तुझी मोठी आई म्हणाली, दीपा, तोंडाला काय लागलंय. पण ते सांगायचं तर आधी आदल्या दिवसापासून सांगावं लागेल.”

“सांग.”

“आदल्या दिवसाचं सांगायचं तर मी या घरात आले तेव्हापासूनच…”

“तिथून सांग.”

ती सांगू लागली. आधी अडखळत, मग मोकळी. मधे एकदा तिला स्वतःचंच हसू आलं. पेन कागदावर भरभर चाललं होतं. सिडकोचं वळण आलं तसा रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आरशात बघत विचारलं, “इथंच घेऊ का, मावशी?”

दीपमालेनं वळणाकडं बघितलं. घराची कमान तिथून दिसत होती.

“नाही,” ती म्हणाली. “सरळ जाऊ द्या. माझं सांगून व्हायचंय अजून.”